धूर गाडीचा, चूक माझी

शहापूर,
३ फेब्रुवारी

तीर्थरूप धाऊमामा,

स्नेहलचा वाकून नमस्कार. पाकीट बघून दचकला असाल, म्हणून आधीच सांगते, इकडे सगळे धडधाकट आहेत. हल्ली हाताने लिहिलेलं पत्र आलं की माणसं ते उघडण्याआधी खाली बसतात. तुम्हीही बसला असाल तर बसूनच राहा, कारण पत्र लांब आहे. गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली अजून खिडकीतच? सकाळी कानाला मफलर बांधत जा. गिरणीच्या अंगणात फार लवकर जाऊन उभे राहू नका, आता तिथे कोणी पोती घेऊन येत नाही. आमचे हे बरे आहेत. नम्रता पुण्याला वसतिगृहात बरी आहे (निदान फोनवर तसं म्हणते). दारातल्या आंब्याला मोहोर बरा आला आहे. बरी नाही ती फक्त तुमची गाडी, आणि हे पत्र तिच्यासाठीच आहे.

गेल्या गुरुवारी मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाय गो, काला धूर सोडाय लागली म्हंजे तिचं झालं. घाल भंगारात. मी सही करनार नाय." आणि फोन ठेवलात. (तुम्ही फोन ठेवताना 'ठेवतो' म्हणत नाही. पलीकडच्या माणसाला वाटतं रेंज गेली. मी त्या दिवशी पाच मिनिटं अंगणात फिरून 'हॅलो, हॅलो' करत होते.) म्हणून पत्र. पत्र मधेच ठेवता येतं, पण ते परत तिथूनच सुरू होतं.

तर मुद्दा असा. गाडी दोन हजार सहाची. तिचं रजिस्ट्रेशन सव्वीस फेब्रुवारीला संपतं. त्याआधी ती आरटीओत दाखवून पास करून घ्यायची, कागदावर तुमची सही व्हायची (गाडी अजून तुमच्याच नावावर आहे), तर ती राहणार. नाहीतर गेली. धुराची बातमी दीपेशने तुम्हाला दिली हे मला ठाऊक आहे. माझा दीर स्वभावाने इतका चांगला आहे की त्याच्या पोटात काही राहत नाही. पण त्याने तुम्हाला अर्धंच सांगितलं. गाडी म्हातारी झाली म्हणून धूर सोडत नाही, मामा. आम्ही तिला तसं केलं. तिच्यावर उगाच ठपका ठेवून तिला तोडायला पाठवू नका, एवढंच सांगायला मी बसले आहे. जो काही ठपका आहे तो माझ्या नावावर लिहा.

मला ती गाडी हवी आहे, हे मी सरळच लिहिते. एक्केचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले ती तुमच्या गिरणीच्या अंगणात, भाताच्या पोत्यांमधून आठचे आकडे काढत. मामी ओट्यावरून ओरडायची, "अगो, पोत्याला लागलं तं चालंल, कोंबडीला नको!" मामी गेल्यावर तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत आणि घरात निघून गेलात. तेव्हापासून शहापूर ते डोळखांब आणि तिथून वर आमची शाळा, असा पाऊण तास मी रोज तिच्यात असते. त्या पाऊण तासात मी कोणाची बाई नसते, आई नसते, वहिनी नसते. काचेतून डोंगर दिसतात, मी काहीबाही बोलते, आणि ते कोणी ऐकत नाही. (सोमवारी गोदूआजी मागे असते. ती रविवारी लेकीकडे शहापूरला येते आणि सोमवारी सकाळी माझ्याबरोबर पाड्यावर परत जाते. पण ती गाडी सुरू होताच झोपते, म्हणून तिला मी धरत नाही.)

डिसेंबरात गाडीचा दम कमी व्हायला लागला. सपाटीवर ठीक, पण डोळखांबच्या पुढचा चढ लागला की तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला, आणि पहिल्यावरही ती अशी चाले की रस्त्याकडेच्या गवताची पाती मोजावीत. एका सोमवारी गोदूआजी चढावर जागी झाली. तिने बाहेर बघितलं आणि म्हणाली, "मास्तरीन, मी उतरते. तू ये मागनं सावकाश." मला वाटलं चेष्टा करते. ती खरंच उतरली, तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. मी वर पोचले तेव्हा ती पाराशेजारी बसून तंबाखू मळत होती.

त्या रविवारी दीपेश बॉनेट उघडून उभा राहिला. तुम्हाला ठाऊक आहे, तो आसनगावहून ठाण्याला नोकरीला जातो आणि जाता-येता मोबाईलवर गाड्या खोलण्याचे व्हिडिओ बघतो. आठ वर्षांत त्याने किती इंजिनं उघडलेली बघितली असतील त्याला सुमार नाही. हातात मात्र एकही आलं नव्हतं, आमचं पहिलंच. तो म्हणाला, "वहिनी, इंजिनला खायला कमी पडतंय. मोठे इंजेक्टर टाकू." मला ते लगेच पटलं. का पटलं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. माझा स्वभावच तो आहे. कोणी दमलेलं दिसलं, गप्प दिसलं, की मी स्वयंपाकघरात जाते. नम्रता भौतिकशास्त्रात नापास झाली तेव्हा मी तिला लाडू पाठवले. मामी गेली तेव्हा तुमच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही, म्हणून दर शनिवारी एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायला लागले. दीड वर्ष झालं, अजून देते. तेव्हा गाडीला कमी पडतंय म्हटल्यावर मी 'टाक' म्हणणार नाही तर काय?

इंजेक्टर म्हणजे बोटभर लांबीची नळी, इंजिनात पेट्रोलचा फवारा मारते. चार सिलिंडरना चार. दीपेशने कुठून तरी एका मोठ्या इंजिनाच्या गाडीतले चार आणले. आपले मिनिटाला दीडशे मिली सोडतात, ते दोनशे चाळीस. जुने काढले, नवे त्याच भोकात बसले, वायरीही त्याच लागल्या. दीपेशचा चेहरा लग्न जमल्यासारखा फुलला. "बघा, बसले! म्हणजे चालणार." मीही मान डोलावली. (माझ्या थोरल्या जाऊबाईंचा ब्लाउज मलाही बसतो. हात वर केला की मग कळतं. पण हे मला त्या वेळी आठवलं नाही.)

किल्ली फिरवली. गाडी बराच वेळ घों-घों करून उठली आणि जागच्या जागी उचक्या देऊ लागली. अंगणभर पेट्रोलचा वास. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दीपेश म्हणाला, घाबरू नका, कॉम्प्युटरला सवय व्हायला हवी. तुमच्या त्या साध्यासुध्या गाडीत कॉम्प्युटर आहे हे तुम्हाला तरी माहीत होतं का? मला नव्हतं. डब्याएवढी पेटी आहे, तीच पेट्रोल किती सोडायचं ते ठरवते. दीपेशने बॅटरीची वायर काढून पंधरा मिनिटांनी परत लावली. त्याने कॉम्प्युटर शिकलेलं सगळं विसरतो म्हणे. दिवा गेला. आम्ही चहा घेतला. दोन दिवसांनी दिवा परत आला. मग पुन्हा वायर, पुन्हा चहा. पाटी पुसल्याने गणित सुटत नाही हे मी वीस वर्षं मुलांना सांगते आहे, पण घरी सांगायला धीर झाला नाही. मग त्याने हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत काहीतरी छोटंसं जोडलं, म्हणजे कॉम्प्युटरला वाटावं की हवा कमी आहे आणि त्याने पेट्रोल कमी सोडावं. थोडक्यात, त्याच्याशी खोटं बोलायचं. गाडी फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. ते मी काढायला लावलं. पण मोठे इंजेक्टर मात्र राहिले, कारण दीपेशचा उतरलेला चेहरा मला बघवत नाही.

आता तो दिवस. आमचे केंद्रप्रमुख शाळेची स्वच्छता तपासायला येणार होते. मी डोळखांबहून चढाला लागले, मागे गोदूआजी, आणि तिच्या मागे, म्हणजे गाडीच्या मागे, मोटारसायकलवर स्वतः केंद्रप्रमुख. पांढराशुभ्र शर्ट. चढावर मी पाय दाबला. आरशात बघते तर रस्ता नाही, डोंगर नाही, साहेब नाहीत. नुसता काळा पडदा. वळणामागून वळण, त्यांना पुढे जायला जागा नाही आणि मला थांबायची हिंमत नाही, कारण थांबले असते तर परत उचलली नसती. गोदूआजी जागी झाली, खिडकीतून मान बाहेर काढून तिने धुरात बघितलं आणि हाक मारली, "ओ दादा, मागं र्‍हा जरा! बाईंनी भट्टी पेटवलीय!" मग मला म्हणाली, "मानूस हाय बाय मागं. पयला गोरा होता."

साहेब शाळेत पोचले. मुलं रांगेत उभी होती. त्यांनी स्वच्छतेवर दोन वाक्यं बोलायला तोंड उघडलं आणि मुलांना त्यांचे दात दिसले. कोणी हसलं नाही, मामा, मला माझ्या मुलांचा अभिमान आहे. तिसरीतली एक मुलगी रांगेतून निघाली, नळाकडे गेली आणि साबण घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. साहेबांनी कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, कान धुतले. मुलं गोल करून बघत होती. इतकं मन लावून हात धुतलेले त्यांनी कधी बघितले नव्हते. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, 'हात धुण्याचं प्रात्यक्षिक परिणामकारक.' फार भला माणूस. जाताना फक्त एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही किती वाजता निघणार? म्हणजे मी आधी निघतो."

त्यानंतर मी धुराची तपासणी करायला गेले. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा बघितला, नळी काढून फडक्याने पुसली, परत घातली, परत आकडा बघितला. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, पेट्रोलच टाकता ना?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सव्वीस तारीख डोळ्यांपुढे दिसत होती. तुम्ही दिलेली वस्तू मी एका महिन्यात घालवली, असं मनात येत होतं.

मग मला रविना आठवली. वीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या वर्गात होती, पाड्यावरची. गणिताच्या तासाला माझं घड्याळ मागून घ्यायची आणि उघडून बसायची. आयटीआय करून आता हायवेवरच्या एका गॅरेजात तीच मुख्य आहे. परवा रविवारी आली. गाडी सुरू करायला लावली, वास घेतला, बंद करायला लावली. प्लग काढले, ते काजळाच्या डबीत बुडवल्यासारखे. तिने दीपेशकडे बघितलं. दीपेश आंब्याचा मोहोर बघू लागला.

"बाई, ह्यो कॉम्प्युटर पेट्रोल मोजत नाय," ती म्हणाली. "टाइम मोजतो. इंजेक्टर एवढा वेळ उघडा ठेवायचा, बंद करायचा. त्याला काय माहीत तुमी नळी बदललीत?" धुराच्या वाटेवर एक सेन्सर असतो, तो 'जास्त झालं' म्हणून सांगतो, मग कॉम्प्युटर हात थोडा आखडतो. पण किती आखडणार? पावपट. आम्ही दीडपटीहून जास्त ओतत होतो. आणि चढावर पाय दाबला की तो त्या सेन्सरचंही ऐकत नाही, त्याच्या जुन्या हिशेबानेच सोडत राहतो.

मला लगेच हळदीच्या जेवणाची पंगत दिसली. वरण वाढणारा जुना, अनुभवी माणूस. पानागणिक दोन ओगराळी, चाळीस वर्षांचा हात. कोणीतरी त्याच्या बादलीतलं ओगराळं बदलून मोठं ठेवलं. तो बिचारा इमानाने दोनच वाढतो आहे, आणि पानापानातून वरण ओसंडून लोकांच्या मांडीवर चाललं आहे. त्याची काय चूक? मामा, मला त्या पेटीची इतकी दया आली. महिनाभर आम्ही तिला वेडी ठरवत होतो, तिची बॅटरी काढत होतो, तिच्याशी खोटं बोलत होतो, आणि ती आपलं काम नेमाने करत होती. मोठे इंजेक्टर ठेवायचेच तर त्या पेटीतला सगळा हिशेब नव्याने लिहावा लागतो म्हणे. रविनाने विचारलं, "कशाला पण? डोळखांबला जायचंय ना, शर्यतीला नाय ना?"

"पण मग आधी दम का लागत होता?" मी विचारलं. रविनाने हवेच्या गाळणीचा डबा होता त्याच्या चार क्लिपा उघडल्या आणि झाकण उचललं. आत उंदराचं घर. भाताचा पेंढा, तूस, माझ्या पदराचा एक दोरा, आणि तिसरीच्या हजेरीचा एक चतकोर कागद, जो मी दिवाळीपासून शोधत होते. इतकं नीटनेटकं घर, की मोडताना जीवावर आलं. गाळणी कुठे दिसतच नव्हती. रविना म्हणाली, "बाई, तिला भूक नव्हती लागली. श्वास घ्यायला जागा नव्हती." आणि आम्ही तिच्या तोंडात घास कोंबत होतो. तुम्ही चाळीस वर्षं भाताची गिरणी चालवलीत. घशात जास्त भात ओतला म्हणून जास्त तांदूळ पडत नाही, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलं असतंत. विचारलं नाही, ही माझी खरी चूक.

तर आता गाळणी नवी बसली आहे, प्लग पुसले आहेत. मोठे इंजेक्टर काढून ठेवले आहेत. जुने बसवले की गाडी पहिल्यासारखी चालेल, धूर सोडणार नाही, सव्वीसच्या आत पास होईल, असं रविना छातीवर हात ठेवून सांगते. म्हणजे गाडीत काही खोट नाही. आता सगळं तुमच्या सहीवर आहे. ती भंगारात गेली तर मी एसटीने जाईन, शाळा बुडणार नाही, गोदूआजी तर चालत माझ्या आधी पोचेल. पण तुम्ही दिलेला तेवढा पाऊण तास माझ्याकडे राहू द्या.

पत्र वाचून राग आला तर तो माझ्यावर काढा, दीपेशवर नको, तो आठ दिवस एकही व्हिडिओ न बघता घरी येतो आहे. औषधं वेळेवर घ्या. सर्वांचा नमस्कार.

तुमचीच,
स्नेहल

ता. क. – जुने चार इंजेक्टर कुठे आहेत ते वर लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, धीर झाला नाही.) काढल्यावर धूळ बसू नये म्हणून मी ते फडक्यात गुंडाळून सुकटीच्या चटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते. तसले डबे माझ्याकडे दोन आहेत. रविवारी रविनाने मागितले तेव्हा मोठ्या ऐटीत डबा उघडला, तर आत सुकटीची चटणी. म्हणजे सतरा जानेवारीच्या शनिवारी कंडक्टरकडून तुमच्याकडे आली ती चटणी नव्हे. पेट्रोलचा वास मलाही आला नाही, सुकटीने सगळं झाकलं. तो डबा टाकू नका, धुऊ नका.

ता. क. दुसरं – वरचं लिहून झालं आणि हात थांबला. त्या डब्याला सतरा दिवस झाले. सुकट म्हटलं की तुम्ही भाकरी तव्यावर असतानाच पाट मांडता. तुम्ही तो उघडला असतात तर त्याच मिनिटाला फोन आला असता, "काय गो, लोखंड चारतेस काय मला?" आला नाही. डबे तर दर आठवड्याला स्वच्छ धुऊन परत येतात, वर चार लिंबं घालून. गेल्या महिन्यात तुमच्या शेजारच्या काशीवहिनींचा फोन आला होता, तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, "वालाचं बिरडं तुजं झ्याक, मीठ तेवढं कमी व्हतं." मीठ खरंच कमी होतं. वाटीभर खाल्ल्याशिवाय ते कळत नाही. त्यांच्या गळ्यात माळ आहे, सुकी मासळीही चालत नाही, म्हणून फक्त सुकटीचाच डबा उघडायचा राहिला. मी रागावले नाही, मामा. त्यांनी जेवावं, सुखाने जेवावं. पण मग दीड वर्ष तुम्ही काय जेवता? या शनिवारपासून मी डबा पाठवणार नाही.

ता. क. शेवटचं – इंजेक्टर कंडक्टरकडे देऊ नका, हरवतील. स्वतः घेऊन या, सकाळच्या गाडीने, सव्वीसपर्यंतचे कपडे घेऊन. फोन केला असता तर तुम्ही 'बरं' म्हणून ठेवला असतात, म्हणून एवढं लिहिलं. रविना म्हणते, अगदी याच मापाचे नवे इंजेक्टर कल्याणला मिळतात, सकाळी सांगितलं तर संध्याकाळी आणून बसवते. मी तिला आणू नकोस म्हणून सांगितलं आहे.